आत कोणी नाही

सिडकोत, तिसऱ्या मजल्याच्या वरच्या गच्चीत
मी लाटेवर उभं राहायची फळी केली.
समुद्र इथून कसारा घाट उतरून, आणखी बराच खाली.
कुमुद म्हणाली, फळी म्हणू नका,
फळीवर मी डबे ठेवते.

मी पॅटर्नमेकर. सातपूरला एकतीस वर्षं
लोखंड ओतण्याआधीचं लाकूड घडवलं:
पंपांची पोटं, व्हॉल्व्हच्या माना.
लोखंड निवताना आकसतं, म्हणून
आमची मोजपट्टी वेगळी, तिचा इंच जरा मोठा.
त्या पट्टीची सवय लागली
की बाकीचं सगळं थोडं तोकडंच भरतं.
मग आपोआप कापणारं मशीन आलं.
मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ.

शिवण आणली हरसूलच्या वखारीतून.
हलकी, सांगितलं तसं वळणारी,
पाण्यावर न रुसणारी.
आधी कणा, साडेनऊ फुटांचा.
मग बरगड्या एकवीस,
प्रत्येकीला भोकं पाडून वजन उतरवलेलं.
खैरनारांचा नातू पतंग घेऊन वर आला,
मांजा हातातच राहिला त्याच्या.
आजोबा, हा मासा कुणी खाल्ला?

क्लॅम्प अपुरे पडले. दस्तगीरच्या पंक्चरच्या टपरीतून
जुन्या ट्यूबा आणल्या, पट्ट्या कापून
करकचून आवळल्या.
जानेवारीत पारा सहावर आला,
रेझिन धरेना.
तिकडे मोहाडीला द्राक्षवाले बागांतून शेकोट्या पेटवत होते,
इकडे मी दोनशेचा बल्ब लावून
रात्रभर फळीशेजारी, कानटोपी घालून.

का, असं सगळेच विचारायचे.
श्रीवर्धनला कंपनीची सहल गेली होती,
एक पोरगं होडीच्या फुटक्या तक्त्यावर
पोटावर पडून लाटेसोबत किनाऱ्याला आलं
आणि उठून चड्डी वर ओढत परत आत गेलं.
एवढंच. ह्याला कारण म्हणतात का, मला माहीत नाही.

झाकण्याआधी आतूनसुद्धा पॉलिशपेपर मारला.
कोण बघणारे, कुमुद म्हणाली,
आणि स्वतःच एका बरगडीवरून बोट फिरवून गेली.
शेवटची पट्टी बसली, सांधे मिटले,
तेव्हा कळलं, कानावरची पेन्सिल आत राहिली.
हलवलं की टकटक.

नाकाशी पितळेचा एक स्क्रू ठेवलाय.
उन्हात आतली हवा फुगते,
वाट मिळाली नाही तर सांधे उकलतात.
पाण्यात शिरताना बंद, बाहेर आलं की लगेच मोकळा.
हे मी कुमुदला नीट समजावून सांगत होतो.
मला काय सांगता, म्हणाली.

जिन्यात वळेना. मोजलं सगळं होतं,
जिनाच राहिला.
दोर लावून गच्चीवरून खाली सोडली,
व्हार्निशला ओरखडा नको म्हणून
पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली.
गल्ली खणलेली, टेम्पो मेन रोडला.
पुढे मी आणि बागूल, मागे खैरनार आणि दस्तगीर,
खांद्यावर.
चहाच्या गाडीवरची माणसं उठून उभी राहिली.
एकानं हेल्मेट काढलं.
कोण गेलं हो?
बागूल म्हणाला, कोणी नाही, आत कोणी नाही.
तरी आम्ही पुढे जाईपर्यंत
त्याचे हात जोडलेलेच होते.
कुणीतरी हळूच म्हणालं, फार हाल झाले असतील,
किती हलकं झालंय.

गंगापूर धरणाचं पाणी सकाळी
ताटात ठेवल्यासारखं.
स्क्रू पिळला, नारिंगी जाकीट चढवलं,
पालथा पडलो.
तरंगली. डावीकडे गुंजभर कलते,
ते माझं पोट असेल.
काठावरून कुमुदची हाक, लाट कुठाय?
येईल, म्हणालो.
बऱ्याच वेळानं पलीकडून एक मोटरबोट गेली,
तिची घडी पाण्यावरून पसरत पसरत
माझ्यापर्यंत आली, चार बोटं उंचीची.
उभं राहण्यासारखी नव्हतीच.
तिनं मागून उचललं, पुढे ठेवलं,
आणि माझ्या छातीखाली, अंधारात,
पेन्सिल शेपटाकडून नाकाकडे
घरंगळत गेली.